अंग शाबूत, अवयव थकलेले

डिसेंबर 2009 मध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेला आपला ठरलेला बेत अचानक बदलावा लागला. आल्स्टॉम आणि कावासाकी या कंपन्यांनी बांधलेले आर-160 जातीचे 1,662 नवे डबे तेव्हा टप्प्याटप्प्याने रुळांवर येत होते. त्यांच्यासाठी जागा करायची म्हणून 1960 च्या दशकातले सगळे डबे मोडीत निघणार होते. त्यांत सर्वांत जुने होते आर-32. त्यांनी पंचेचाळीस वर्षं पूर्ण केली होती. 1971 ते 1973 या काळात बांधलेले आर-44 मात्र आणखी काही वर्षं चालतील, असा हिशेब होता.

तपासणीत आर-44 च्या सांगाड्यातच दोष सापडले. गाडीचा भार पेलणारा भागच कमकुवत झाला होता. तो दुरुस्त करण्यात पैसा घालण्यापेक्षा डबे काढून टाकणं शहाणपणाचं, असं ठरलं. 2010 मध्ये आर-44 न्यूयॉर्कच्या भुयारी मार्गांवरून गेले. त्यांच्यापेक्षा वयाने मोठ्या असलेल्या आर-32 पैकी 222 डबे मागे राहिले आणि त्यानंतर दहा वर्षं धावत राहिले. आपल्या नंतर आलेले आर-38, आर-40, आर-42 आणि आर-44 हे चारही नमुने या रुळांवरून निवृत्त होताना आर-32 ने पाहिले.

हे योगायोगाने घडलं नाही. त्याची मुळं फिलाडेल्फियातल्या एका कारखान्यात आणि एका विशिष्ट पद्धतीच्या सांध्यात आहेत.

पत्रा आणि सांधा

न्यूयॉर्कमध्ये डब्यांच्या नमुन्यांना खरेदी कराराच्या क्रमांकावरून नाव देतात. 1930 च्या दशकातल्या आर-1 पासून ही रीत चालत आली आहे. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला शहराला जुने डबे बदलायला 600 डबे हवे होते. तो आर-32 चा करार फिलाडेल्फियाच्या बड कंपनीला मिळाला. एका डब्याची किंमत पडली सुमारे 1,14,700 डॉलर.

एडवर्ड बड यांनी 1912 मध्ये स्थापन केलेली ही कंपनी मोटारींचे संपूर्ण पोलादी सांगाडे बनवून नावारूपाला आली होती. 1930 च्या दशकात तिने स्टेनलेस स्टीलकडे मोर्चा वळवला. स्टेनलेस स्टील म्हणजे किमान साडेदहा टक्के क्रोमियम असलेलं पोलाद. हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन त्याच्या पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर तयार होतो. ओरखडा पडला तर तो थर आपोआप पुन्हा जमतो. त्यामुळे गंजाला आत शिरायला वाट मिळत नाही आणि रंगाची गरज उरत नाही. रेल्वेच्या डब्यांसाठी वापरतात त्या प्रकारात निकेलही असतं. हा प्रकार वाकवताना, ताणताना आणखी कणखर होतो. म्हणून पातळ पत्रा वापरूनही मजबुती मिळते आणि डबा हलका होतो.

अडचण होती ती जोडणीची. साध्या वेल्डिंगमध्ये सांध्याभोवतीचा मोठा भाग बराच वेळ तापलेला राहतो. साधारण 450 ते 850 अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात काही वेळ गेला, की पोलादातलं क्रोमियम कार्बनशी जोडलं जातं आणि धातूच्या कणांच्या कडांपाशी क्रोमियमचा तुटवडा पडतो. मग सांध्याजवळच गंज धरतो. म्हणजे जो गुण पाहून हा धातू घेतला, तो जोडणीच्या जागीच नाहीसा होतो.

बड कंपनीतले अभियंते अर्ल रॅग्सडेल यांनी यावर ‘शॉटवेल्ड’ ही पद्धत काढली. दोन पत्रे एकावर एक दाबून धरायचे आणि ठरावीक ठिपक्यातून अतिशय मोठा विद्युतप्रवाह अगदी क्षणभर सोडायचा. ठिपका वितळून जोडला जातो, पण भोवतालच्या पोलादाला तापायला वेळच मिळत नाही. असे हजारो ठिपके मिळून एक डबा उभा राहतो. पातळ पत्र्याला उभारी यावी म्हणून त्यावर आडव्या पन्हळी पाडतात. बडच्या डब्यांचं ते ओळखू येणारं रूप या गरजेतून आलं.

1934 मध्ये याच पद्धतीने बांधलेली ‘झेफिर’ गाडी डेन्व्हरहून शिकागोला 1,015 मैल अंतर 13 तास 5 मिनिटांत धावली आणि अमेरिकाभर गाजली. न्यूयॉर्कने त्याच सुमारास बडची एक स्टेनलेस गाडी आणि 1949 मध्ये आणखी दहा प्रायोगिक डबे घेऊन पाहिले होते. पण घाऊक प्रमाणात स्टेनलेस डबे घेण्याचं धाडस झालं ते आर-32 च्या वेळीच. रंगाचा खर्च वाचेल आणि हलक्या डब्याला वीज कमी लागेल, हा त्यामागचा व्यवहारी विचार होता. साठ वर्षांपुढचा विचार करून हा निर्णय कुणी घेतलेला नव्हता. पण रोजच्या खर्चाचा प्रामाणिक हिशेब मांडला, म्हणून दीर्घायुष्य पदरात पडलं.

ब्राइटलायनर

9 सप्टेंबर 1964 रोजी आर-32 ची पहिली गाडी समारंभपूर्वक ग्रँड सेंट्रल स्थानकात आणली गेली. भुयारी रेल्वेचा डबा एरवी, तेव्हा लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या असलेल्या त्या भव्य स्थानकात कधी येत नसे. 14 सप्टेंबरला ती ब्रुकलिनच्या ब्रायटन मार्गावर प्रवाशांसाठी सुरू झाली. काळपट झालेल्या रंगीत डब्यांच्या ताफ्यात निळ्या दारांची, चकाकत्या अंगाची ही गाडी उठून दिसे. लोक तिला ‘ब्राइटलायनर’ म्हणू लागले.

डबा 60 फूट लांब आणि 10 फूट रुंद. दोन-दोन डबे कायमचे जोडलेले असत. काही यंत्रसामग्री जोडीतल्या एका डब्याखाली आणि काही दुसऱ्याखाली बसवून वजन आणि खर्च वाचवलेला होता. प्रत्येक डब्याला 115 अश्वशक्तीच्या चार मोटारी होत्या आणि त्यांना तिसऱ्या रुळातून 600 व्होल्टची वीज मिळे. 1967 मध्ये क्रिस्टी स्ट्रीटचा जोडमार्ग उघडला आणि पूर्वी वेगळ्या असलेल्या दोन जाळ्यांमधले मार्ग एकमेकांना जोडले गेले. तेव्हापासून हे डबे शहराच्या बऱ्याच भागांत फिरू लागले.

या डब्याचं एक वैशिष्ट्य मोटरमनपेक्षा मुलांना जास्त ठाऊक होतं. मोटरमनची खोली डब्याच्या एका कोपऱ्यात होती. त्यामुळे पुढच्या टोकाला मधोमध असलेल्या दाराच्या काचेपर्यंत प्रवाशाला जाता येई. तिथे उभं राहिलं की समोरचे रूळ, सिग्नलचे दिवे, वळण घेणारं भुयार, पुढच्या स्थानकाचा उजेड असं सगळं मोटरमनला दिसतं तसं दिसे. न्यूयॉर्कमध्ये मुलांच्या कित्येक पिढ्या, आणि मोठी माणसंही, ती जागा पटकावण्यासाठी पहिल्या डब्याकडे धावत. पुढच्या नमुन्यांत मोटरमनची खोली पूर्ण रुंदीची झाली. आर-32 गेले तेव्हा नेहमीच्या सेवेतली ही खिडकीही गेली. रेल्वे कशी चालते हे सामान्य माणसाला तिकिटाच्या पैशात दाखवणारी ती एक शाळाच होती. तिचं जाणं मला खरोखरचं नुकसान वाटतं.

बिकट वर्षं आणि दुसरा जन्म

1970 च्या दशकात न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या कडेला पोहोचलं. भुयारी रेल्वेची देखभाल पुढे पुढे ढकलली जाऊ लागली. गाड्या वाटेत बंद पडत, रुळांवरून घसरत, आतून-बाहेरून फवाऱ्याच्या रंगांनी माखलेल्या असत. रेल्वेच्या दुनियेत डब्याची तब्येत एका साध्या मापाने मोजतात: सेवेत अडथळा आणणारे दोन बिघाड होण्यामध्ये डबा सरासरी किती अंतर धावतो. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या संपूर्ण ताफ्याची ही सरासरी 7,000 मैलांच्या आसपास घसरली होती.

सावरायला सुरुवात झाली ती पैशापासून. परिवहन प्राधिकरणाचे अध्यक्ष रिचर्ड रॅव्हिच यांनी राज्याच्या विधिमंडळाला पटवून भांडवली खर्चाची मोठी योजना मंजूर करून घेतली. ती 1982 पासून अमलात आली. 1984 मध्ये भुयारी रेल्वेची सूत्रं डेव्हिड गन यांच्याकडे आली. स्वच्छ केलेली गाडी पुन्हा रंगली, तर ती धुतल्याशिवाय सेवेत जाणार नाही, असा नियम त्यांनी कसोशीने पाळला. 12 मे 1989 रोजी रंगांनी माखलेली शेवटची गाडी सेवेतून काढल्याचं जाहीर झालं.

याच काळात जुने डबे सरसकट फेकून न देता त्यांची संपूर्ण फेरबांधणी करायचं ठरलं. आर-32 च्या बहुतेक डब्यांची फेरबांधणी 1988 ते 1990 दरम्यान मॉरिसन-नूडसेन कंपनीने न्यूयॉर्क राज्यातल्या हॉर्नेल इथल्या कारखान्यात केली. अंतर्भाग नवा झाला, विद्युत यंत्रणेची दुरुस्ती झाली आणि छतावरच्या पंख्यांच्या जागी वातानुकूलन बसलं. बाहेरचा पन्हळीदार सांगाडा मात्र तोच राहिला. तो बदलण्याची वेळच आलेली नव्हती.

फेरबांधणीइतकीच महत्त्वाची होती देखभालीची बदललेली रीत. पूर्वी वस्तू बिघडली की दुरुस्त करत. आता प्रत्येक घटकाचं अपेक्षित आयुष्य ठरवून तो बिघडण्याआधीच बदलायचा, असं वेळापत्रक आलं. ब्रेकचे भाग, दारांच्या मोटारी, हवेचे कॉम्प्रेसर हे सगळं ठरावीक वर्षांनी उतरवून नवं किंवा दुरुस्त केलेलं बसवायचं. या शिस्तीने 2000 नंतर ताफ्याची सरासरी एक लाख मैलांच्या पुढे गेली. दोन दशकांत झालेली ही सुधारणा नव्या डब्यांनी, फेरबांधणी केलेल्या जुन्या डब्यांनी आणि त्या वेळापत्रकाने मिळून घडवली.

म्हातारपण कशात दिसतं

एवढं सगळं खरं असलं, तरी आर-32 ची शेवटची दहा वर्षं प्रवाशांना सुखाची गेली नाहीत. अंग शाबूत होतं, पण अवयव थकले होते.

सर्वांत मोठं दुखणं वातानुकूलनाचं. मुळात पंख्यांसाठी आखलेल्या डब्यात ते नंतर बसवलेलं होतं. भुयारात उन्हाळ्यातली हवा कोंडते, आणि वातानुकूलित गाड्या आपली उष्णता त्याच हवेत सोडतात. अशा तापलेल्या हवेत जुन्या यंत्रांचा दम निघे. आर-32 मुख्यतः चालत तो सी मार्ग पूर्णपणे जमिनीखाली आहे. म्हणून काही वर्षं उन्हाळ्यात हे डबे जास्त उघड्यावरून जाणाऱ्या मार्गांवर पाठवले जात. आधी ए मार्गावर आणि नंतर खांबांवरून जाणाऱ्या जे मार्गावर. त्या मार्गांचे नवे डबे तेवढ्या काळापुरते सी मार्गावर येत. थंडी पडली की पुन्हा अदलाबदल.

दुसरं दुखणं सुट्या भागांचं. डबे बांधणाऱ्या बड कंपनीने 1980 च्या दशकात रेल्वेचा धंदा बंद केला होता. विद्युत भागांचे जुने पुरवठादारही एकेक करून मागे पडले. एखादा भाग बाजारात मिळेना, की कारशेडमधले कामगार दुसऱ्या डब्यातून तो काढत किंवा स्वतः घडवून घेत. त्यांच्या हातच्या कसबाला दाद द्यायला हवी, पण त्यालाही मर्यादा होतीच. 2010 च्या दशकाच्या मध्यावर आर-32 ला दोन बिघाडांमध्ये जेमतेम 30 ते 35 हजार मैल मिळत होते. नव्या नमुन्यांना त्याच्या कित्येक पट मिळत. प्रवासी संघटनांच्या वार्षिक पाहणीत सी मार्ग वर्षानुवर्षं तळाला राहिला, त्याचं एक मोठं कारण हे डबे होते.

मग ते बदलले का गेले नाहीत? त्यांची जागा घेण्यासाठी 2012 मध्ये बॉम्बार्डिए कंपनीला आर-179 जातीच्या 300 डब्यांची मागणी दिली होती. त्या नव्या डब्यांच्या सांधणीतच दोष निघाले आणि काम वर्षानुवर्षं रखडलं. पहिली गाडी प्रवाशांसाठी धावली नोव्हेंबर 2017 मध्ये. पुढे जानेवारी 2020 मध्ये दारांच्या बिघाडामुळे आर-179 सगळे एकदम सेवेतून काढावे लागले. त्याच वर्षी जून महिन्यात एका गाडीचे डबे सुटून वेगळे झाले, तेव्हा ते पुन्हा बाजूला ठेवावे लागले. निवृत्तीच्या वाटेवरच्या आर-32 ना त्या उन्हाळ्यात परत बोलावणं आलं आणि त्यांतले काही डबे शेवटचे काही महिने पुन्हा धावले. छप्पन्न वर्षांपूर्वीच्या ठिपक्या-ठिपक्यांच्या सांध्यांनी अजून दगा दिलेला नव्हता.

नेहमीची सेवा संपल्यावर, डिसेंबर 2021 आणि जानेवारी 2022 मध्ये न्यूयॉर्कच्या वाहतूक संग्रहालयाने निरोपाच्या फेऱ्या ठेवल्या. शेवटची फेरी झाली 9 जानेवारी 2022 रोजी. तिचा काही भाग क्यू मार्गावरचा, म्हणजे 1964 मध्ये जिथून सुरुवात झाली त्याच ब्रायटन मार्गावरचा होता. पुढच्या दारातल्या काचेपाशी पोहोचायला त्या दिवशीही झुंबड उडाली.

समुद्राने घेतलेली परीक्षा

आर-32 च्या साऱ्याच डब्यांना एवढं आयुष्य मिळालं नाही. 2007 नंतर जे डबे निवृत्त झाले, त्यांतले बरेचसे अटलांटिक महासागरात गेले. हा कचरा टाकण्याचा प्रकार नव्हता. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ समुद्राचा तळ बराचसा सपाट, वाळूचा आहे. शिंपल्यांना चिकटायला आणि माशांना लपायला तिथे कठीण आधार कमी. म्हणून 2001 पासून न्यूयॉर्कने आपले जुने डबे चाकं, काचा, दारं आणि तेल-वंगण काढून, तराफ्यांवरून नेऊन, ठरलेल्या जागी बुडवायला सुरुवात केली. दहा वर्षांत अडीच हजारांहून अधिक डबे असे तळाशी गेले. डेलावेअरच्या किनाऱ्यापासून सुमारे 16 मैलांवर तांबड्या रंगाच्या जुन्या ‘रेडबर्ड’ डब्यांची जी वस्ती झाली, तिथे शिंपले आणि मासे भरभरून आले. मासेमारी करणाऱ्यांच्या नौका तिथे गर्दी करू लागल्या.

रेडबर्ड साध्या, जाड पोलादाचे होते. ते गंजतात म्हणून तर शहराने स्टेनलेसचा रस्ता धरला होता. मग समुद्रात स्टेनलेस डबे आणखी टिकतील, अशी अपेक्षा कुणीही केली असती. न्यू जर्सीने 2008 मध्ये 48 ब्राइटलायनर डबे बुडवले. ते पंचवीस-तीस वर्षं उभे राहतील असा अंदाज होता. पाणबुड्यांनी काही महिन्यांनी पाहिलं, तर बहुतेक डबे कोसळून पडले होते. राज्याने पुढचे डबे घेणं थांबवलं.

कारण त्याच पातळ, पन्हळीदार पत्र्यात होतं. रुळांवर धावताना डब्याला वरून प्रवाशांचं आणि पुढून-मागून ओढण्या-ढकलण्याचं बळ सोसायचं असतं. ती सारी बळं ठरलेल्या वाटांनी सांगाड्यात उतरतात आणि पत्रा त्यात आपला वाटा उचलतो. वादळी समुद्रात मात्र पाण्याचा प्रचंड भार भिंतींवर आडवा आदळतो, मागे ओढतो, पुन्हा आदळतो. हलकेपणासाठी पातळ ठेवलेल्या भिंती अशा माराला उभ्या राहू शकल्या नाहीत. साध्या पोलादाच्या जाड भिंती गंज खात खातही त्यापुढे जास्त टिकल्या.

टिकाऊपणाबद्दल आपण सहसा ढोबळ बोलतो: ही वस्तू टिकाऊ, ती तकलादू. आर-32 ने दाखवलं की ‘कशापुढे टिकाऊ?’ हे विचारल्याशिवाय त्या शब्दाला अर्थ नाही. हवेतला ओलावा, भुयारातली गळती, बर्फ वितळवायला रस्त्यांवर टाकलेलं मीठ, लाखो थांबे आणि सुटणं, या सगळ्यापुढे तो सांगाडा अर्धशतकाहून अधिक उभा राहिला. समुद्राच्या लाटांपुढे त्याला एक वर्षही काढता आलं नाही. दोन्ही परिणाम एकाच रचनेचे आहेत.

पुढच्या खरेदीसाठी

डब्याचं आयुष्य साधारण 35 ते 40 वर्षं धरतात. आर-32 ने त्याच्या जवळपास दीडपट सेवा दिली. पण या आकड्याचा नुसता अभिमान बाळगणं पुरेसं नाही. ज्या सांगाड्याने इतकी वर्षं दिली, त्यानेच नव्या खरेदीतली दिरंगाई सुसह्य करून दाखवली. जुना डबा अजून चालतोय ना, मग वर्षभर थांबू, असं म्हणता आलं. त्या थांबण्याची किंमत सी मार्गावरचे प्रवासी ऑगस्टच्या उकाड्यात, बंद पडलेल्या वातानुकूलनाखाली उभे राहून मोजत होते. ब्रुकलिनमधल्या बेडफर्ड-स्टायव्हसंटसारख्या वस्त्यांतल्या अनेकांना जवळ दुसरी गाडी निवडायची सोय नव्हती.

म्हणून आर-32 कडे पाहताना मला दोन गोष्टी एकत्र लक्षात ठेवाव्याशा वाटतात. पहिली खरेदीची. मोटारी, दारं, दिवे, वातानुकूलन हे सगळं नंतर बदलता येतं, पण सांगाडा आणि त्याचे सांधे एकदाच निवडायचे असतात. तिथे केलेली काटकसर पुढच्या पिढीला फेडावी लागते आणि तिथे घेतलेली काळजीही पुढच्या पिढीलाच मिळते. दुसरी गोष्ट कारभाराची. चांगला सांगाडा संस्थेला वेळ मिळवून देतो. 1988 मध्ये न्यूयॉर्कने तो वेळ फेरबांधणीसाठी वापरला आणि प्रवाशांना नव्यासारखी गाडी मिळाली. 2010 नंतर तोच वेळ रखडलेल्या कराराची वाट पाहण्यात गेला आणि प्रवाशांना जुनी गाडी सोसावी लागली. डबे दोन्ही वेळी तेच होते.

1 फेब्रुवारी 2024 रोजी सी मार्गावर कावासाकीची आर-211 जातीची नवी गाडी आली. तिच्या डब्यांमधून थेट चालत जाता येतं. तिचा सांगाडाही स्टेनलेस स्टीलचाच आहे. 1960 च्या दशकातल्या त्या निवडीवर साठ वर्षांनीही शहर ठाम आहे. आता वीस-पंचवीस वर्षांनी या गाडीचे अवयव थकू लागतील, तेव्हा तिला 1988 सारखी वागणूक मिळते की 2010 सारखी, हे तिचा पत्रा ठरवणार नाही. ते त्या वेळी कारभार पाहणारी माणसं ठरवतील, आणि त्यांच्याकडे हिशेब मागणारे प्रवासी.